मधल्या जागेतला शब्द

मुंगीला इंग्रजीतलं एकच वाक्य अख्खं येत होतं, आणि ते आपल्या कौतुकाचं आहे अशी तिची पक्की समजूत होती.

मुंगी हे अर्थातच तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठी ओझी उचलून घरभर फिरायची म्हणून दादानं ते ठेवलं, आणि चाळिशी उलटली तरी ते तिला चिकटूनच राहिलं. लग्नाचं जमलं नाही, आई होती तोवर आईचं केलं, आई गेल्यावर दादा येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेला. "खोली आहे, तू आहेस, आणखी काय पाहिजे?" असं म्हणाला. वहिनीनं तर त्याच आठवड्यात तिला आपल्या लाँड्रीत चिकटवून टाकलं.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. शहरातल्या रुग्णालयांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले असलं सगळं ट्रक भरभरून तिथे यायचं. वहिनी तिथे बरीच वर्षं होती, लाइन इनचार्ज झाली होती. दहावीनंतर दोन वर्षं इंग्रजी शाळेत काढलेली असल्यामुळे साहेब लोकांशी बोलायचं झालं की तिलाच पुढे करत. मुंगीला मोठ्या रोलरवर उभं केलं. दोघींनी ओल्या चादरीची टोकं धरायची, ताणायची आणि गरम रुळांच्या तोंडाशी द्यायची. पलीकडून चादर कडक, सपाट होऊन बाहेर पडायची. रुळांच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी होती. बोट चुकून आत जायला लागलं तर आधी जाळीला लागणार, आणि जाळीला काही लागलं की यंत्र जागच्या जागी थांबणार.

त्या दिवशी जाळीला काहीच लागलं नाही, कारण जाळी वर उचलून चिंधीनं बांधलेली होती. मुंगी जेवणाच्या सुटीनंतर घाईघाईनं जागेवर आली, चादर धरली आणि दिली. चादरीबरोबर उजव्या हाताची तीन बोटं गेली. समोरच्या बाईनं किंकाळी फोडून लाल बटण दाबलं, तोवर व्हायचं ते झालं होतं.

बोटं राहिली, पण नुसती राहायची म्हणून. वळेनात, पकडेनात.

चौकशीला मुख्य कचेरीतून एक साहेब आले. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि लाँड्रीचा मॅनेजर, दुसऱ्या बाजूला हाताचं बोचकं मांडीवर घेऊन बसलेली मुंगी, आणि मधे दुभाषी म्हणून वहिनी. मॅनेजरला दोन्ही भाषा येत होत्या, पण तो बराच वेळ फोनवर बोलत बाहेर फेऱ्या मारत होता. साहेबांनी विचारलं, जाळीचं काय? वहिनीनं मराठीत विचारलं. मुंगी म्हणाली, "सांग त्यांना, मी जाळी कधीच वर ठेवत नसे. त्या दिवशी ती कुणीतरी बांधून ठेवली होती. मी आले तेव्हा बांधलेलीच होती."

वहिनी एक वाक्य बोलली. साहेबांनी मान हलवली, तेच वाक्य सावकाश म्हणत टाइप केलं, मग पडद्यावरून पुन्हा वाचून दाखवलं आणि मुंगीकडे बघून भुवया उंचावल्या. "हो म्हण," वहिनी पुटपुटली. मुंगीनं मान डोलावली.

बाहेर आल्यावर मुंगीनं विचारलं, "मी एवढं बोलले आणि तू एवढंसंच सांगितलंस?"

"अगं, इंग्रजी कंजूष भाषा आहे. थोडक्यात बसतं त्यात."

"काय म्हणालीस नेमकं?"

वहिनीनं तिच्या गळ्यातल्या झोळीची गाठ सारखी केली. "हेच, की ही जाळी कधीच वर ठेवायची नाही. फार काळजीनं काम करायची."

साहेबांनी दोनदा वाचलेलं ते वाक्य मुंगीच्या कानात बसलं होतं. शी वुड ऑफन लीव्ह द गार्ड अप. अंथरुणावर पडल्या पडल्या ती ते गाण्यासारखं घोळवायची. आपल्याबद्दल एका परक्या साहेबानं इंग्रजीत लिहून घेतलेली चांगली गोष्ट, ती पाठ असायला नको? एकदा तिनं वहिनीला हौसेनं म्हणून दाखवायला सुरुवात केली, तर वहिनी "गॅस चालू आहे माझा" म्हणत उठून गेली.

नोकरी गेलीच. वहिनीनं सांगितलं, हात असा झाल्यावर यंत्रावर कसं ठेवतील? त्यांचाही नाइलाज आहे. मुंगीला पटलं. भांडण्याचा तिचा पिंडच नव्हता, आणि घरात तर वहिनी तिला फुलासारखं जपत होती. ताटातलं बारीक करून द्यायची, ब्लाउजची बटणं लावून द्यायची. आणि रोज सकाळी कामावर जायच्या आधी मुंगीला पुढ्यात बसवून तिची वेणी घालून द्यायची. मुंगीचे केस कमरेपर्यंत होते, एका हातानं वेणी घालता येत नाही. शेजारणींना मुंगी सांगायची, "सख्खी बहीण करणार नाही इतकं करते हो माझी वहिनी." वहिनी ऐकत असली तर म्हणायची, "पुरे गं."

पण नुसतं घरी किती बसायचं? कुठल्याशा दवाखान्यात, एखाद्या काउंटरवर, जिथे एका हातानं भागेल असं काम मुंगी शोधू लागली. जाईल तिथे पहिला प्रश्न, इंग्रजी येतं का? वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग भरतो असं कळल्यावर तिनं घरी विषय काढला.

"आता या वयात कशाला दगदग?" वहिनी म्हणाली. "मीच शिकवीन तुला."

तिनं दोन-चार दिवस शिकवलंही. आकडे, भाज्या, वार. मग राहून गेलं. मुंगीनं गुपचूप वर्गात नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला फर्मावलं, "येत असलेलं एक इंग्रजी वाक्य बोला. कुठलंही. चुकलं तरी चालेल, गप्प बसलेलं चालणार नाही."

पहिल्या बाकावर एक बस चालवणारे काका होते. ते उठून खणखणीत आवाजात म्हणाले, "प्लीज मूव्ह टु द रिअर!" आणि मागच्या बाकावरचे दोघे खरोखरच मागे सरकले. वर्ग हसला. मुंगीची पाळी आली. तिनं पदर सावरला आणि एका दमात म्हटलं, "शी वुड ऑफन लीव्ह द गार्ड अप."

बाईंच्या भुवया वर गेल्या. "अरे वा! हे तर पुढच्या धड्यातलं वाक्य. आणि मधला शब्द अगदी बरोबर जागी बसलाय. कुणाबद्दल आहे हे?"

"माझ्याबद्दल," मुंगी म्हणाली. ऊर भरून आला होता तिचा.

बाईंची नजर तिच्या उजव्या हातावर गेली, तिथे क्षणभर थांबली. "बरं," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "स्वतःबद्दल असं खरं बोलायला धीर लागतो." हे असं का म्हणाल्या ते मुंगीला कळलं नाही, पण शाबासकी ती शाबासकी.

पुढचे काही आठवडे ती नेमानं जात राहिली. घरात वहिनीला कळलं, त्या दिवशी वेणी जरा घट्ट पडली.

मग तो धडा आला.

"आज मदतनीस क्रियापदं," बाईंनी फळा पुसला. "कॅन, मस्ट, विल, वुड. ही एकटी कुठे जात नाहीत, मुख्य क्रियापदाला बरोबर घेऊन जातात. आता कधी, किती वेळा, जेमतेम, बहुधा असं काही सांगायचं असेल, तर तो शब्द कुठे बसवायचा? काका, तुम्ही सांगा. मला माझा चष्मा कधीच सापडत नाही."

"आय नेव्हर कॅन फाइंड माय चष्मा."

"चष्मा तुमच्या कपाळावर आहे," बाई म्हणाल्या, "आणि नेव्हर चुकीच्या सीटवर बसलाय. आय कॅन नेव्हर फाइंड. मदतनीस पुढे, मुख्य मागे, आणि हा मधे. दोघांच्या मधली ही एवढीशी जागा. पण वाक्याचा सगळा जीव या जागेत असतो. तिथला एक शब्द बदला, माणूस साधूचा चोर होतो. थांबा, आपल्याकडे छान वाक्य आहे."

आणि त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत मुंगीचं वाक्य लिहिलं. मग हातात डस्टर घेऊन वुड आणि लीव्हच्या मधला शब्द पुसून टाकला.

"गार्ड म्हणजे यंत्रावरची जाळी. इथे मी एकेक शब्द घालते, तुम्ही अर्थ सांगा. ऑल्वेज?"

"नेहमी!" वर्ग ओरडला. "ती जाळी नेहमी वर ठेवायची."

"समटाइम्स?"

"कधीकधी वर ठेवायची."

मुंगी गोंधळून इकडेतिकडे पाहत होती. तिच्या ओठांवर अजून हसू होतं, कारण फळ्यावर तिचं वाक्य होतं.

"आता मूळचाच शब्द. ऑफन?"

"वारंवार," काका म्हणाले. "ती जाळी पुष्कळदा वर ठेवायची."

"नाही," मुंगी म्हणाली. वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. "ऑफन म्हणजे कधीच नाही. कधीच वर ठेवायची नाही."

"नाही हो ताई," काका प्रेमानं म्हणाले. "ऑफन म्हणजे नेहमीसारखंच, जरासं कमी."

मुंगीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

"मग कधीच नाहीला काय म्हणतात?"

"नेव्हर."

"तो घाला तिथे."

बाईंनी घातला. शी वुड नेव्हर लीव्ह द गार्ड अप. मुंगी ते वाचायला लागली आणि नेव्हरपाशी येऊन अडली. तिला एकाएकी त्या टेबलापाशी आपण डोलावलेली मान दिसली. भर वर्गात आपण हौसेनं काय ऐकवलं होतं ते दिसलं. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पाणी आणू का?" मुंगीनं नको म्हटलं आणि वर्ग सुटेपर्यंत फळ्याकडे बघत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं नेहमीसारखं तिला पुढ्यात बसवलं, केस विंचरले, तीन पेड केले. अर्धी वेणी झाली असेल.

"वहिनी, ऑफन म्हणजे काय गं?"

पाठीमागचे हात थांबले.

"कोणी सांगितलं तुला?" वहिनीनं विचारलं.

काय सांगितलं असं तिनं विचारलं नाही. मुंगीला तेवढं पुरलं. तरी ती म्हणाली, "मी कधीच म्हटलं होतं. तू वारंवार सांगितलंस."

"तुला नीट आठवत नसेल. तापात होतीस तू."

"मला तेवढंच आठवतं. तेवढंच इंग्रजी येत होतं मला."

वहिनीच्या हातात अजून तिचे केस होते. मग वहिनी बोलायला लागली ती थांबेचना. "जाळी मी बांधली होती. चादरींच्या कडा जाड, सारख्या जाळीला लागायच्या, यंत्र थांबायचं. वरून रोज विचारणा, काम मागे का पडतं, इनचार्ज झोपा काढते का. सगळ्याच लाइनींवर बांधतात गं. तू सुटीवरून यायच्या आत सोडणार होते, तेवढ्यात मॅनेजरनं हाक मारली. खरं सांगितलं असतं तर मला तिथल्या तिथे काढलं असतं. तुझ्या दादाचं काम हे असं, आज आहे उद्या नाही. घर कशावर चाललं असतं? तुझा हात तर गेलाच होता. माझी नोकरी गेल्यानं तो काही परत येणार नव्हता."

"मग मला विचारायचं होतंस."

"विचारून काय? काय म्हणाली असतीस?"

"हो म्हणाले असते," मुंगी म्हणाली. "वहिनी, मी लगेच हो म्हणाले असते. मीच ठेवली जाळी वर, असं माझ्या तोंडानं सांगितलं असतं. तू विचारलंच नाहीस."

वहिनी रडायला लागली. "तुझ्या दादाला यातलं काही कळू देऊ नकोस," ती म्हणाली. "त्याला सहन व्हायचं नाही. तुझ्यावर जीव आहे त्याचा."

मुंगीनं उजवा हात मागे नेऊन, जमेल तशी, आपली वेणी वहिनीच्या हातातून सोडवून घेतली. तशीच अर्ध्या वेणीनं ती उठली, चप्पल घातली आणि चौकातल्या केस कापणाऱ्या बाईकडे गेली. "किती ठेवू?" त्या बाईनं विचारलं. "मला एका हातानं विंचरता येतील एवढे," मुंगी म्हणाली.

मानेवर वारा लागत होता. तिथून ती थेट लाँड्रीत गेली.

मॅनेजरनं आधी ओळखलंच नाही, मग उठून खुर्ची पुढे केली. मुंगी बसली नाही. ती इंग्रजीत म्हणाली, "आय वुड नेव्हर लीव्ह द गार्ड अप."

"अहो, मला मराठी येतं. मराठीत बोला ना."

"मागच्या वेळी मराठीतच बोलले होते," मुंगी म्हणाली.

त्यानं दार लावून घेतलं आणि ऐकून घेतलं. मग कपाळ चोळत म्हणाला, "प्रकरण मिटलंय ताई. उघडायचं तर मला वर कळवावं लागेल की साहेबांना चुकीचं सांगितलं गेलं. कुणी सांगितलं ते नाव द्यावं लागेल. तुम्हाला ते जमेल का? घरातलं माणूस आहे. विचार करा, घरी जाऊन बोला, मग या."

"घरी बोलून आले," मुंगी म्हणाली. "माझ्या वहिनीनं सांगितलं. जाळीही तिनंच बांधली होती. तुम्ही तेव्हा फोनवर होतात."

मुख्य कचेरीतले तेच साहेब प्रत्यक्ष आले नाहीत, पडद्यावर दिसले. या खेपेला दुभाषी दुसराच होता, आणि मॅनेजर जागचा हलला नाही. रोलरवरच्या आणि चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायकांना एकेक करून बोलावलं. आधी येणारी प्रत्येक जण आपण काही पाहिलं नाही म्हणाली. शेवटी रोलरवर मुंगीच्या समोर उभी राहायची तीच बाई म्हणाली की हो, चिंधी इनचार्जबाईंनी बांधली होती, आणि मुंगीच्या पाळीला जाळी कायम खाली असायची, त्यावरून बाकीच्या तिची चेष्टा करायच्या. कागदावर मुंगीच्या नावापुढचा निष्काळजीपणाचा शेरा खोडला गेला. वहिनीला काढलं नाही, इनचार्जपदावरून उतरवून घडीच्या टेबलावर बसवलं. जाळ्या बांधायला लावणारी घाई वरून कोण करत होतं, ते काही कुणी विचारलं नाही.

मुंगीला वाटलं होतं की नाव धुतलं गेल्यावर छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. कागद सुधारला, पण मधले सगळे महिने तसेच राहिले. आठवायला बसलं की प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू निघायची. वहिनीनं बारीक करून दिलेला घास, लावलेली बटणं, ते "पुरे गं". यातलं माया किती आणि भीती किती, हे आता कुणाला विचारणार? विचारलं तरी उत्तर वहिनीच देणार.

दादाशी ती काही बोलली नव्हती. वहिनीनं सांगितलं म्हणून नव्हे, तिलाच त्याची दया येत होती. बिचारा मधल्यामधे भरडला जाईल म्हणून ती कामाचं निमित्त सांगून बाहेर पडली. बाईंच्या ओळखीनं एका दाताच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम मिळालं होतं, आणि शिंप्याच्या दुकानावर एक खोली. खोलीत खाट, एक खिडकी आणि खालच्या यंत्राची दिवसभर टकटक.

थंडी पडायला लागली तशी एका रविवारी सकाळी दादा तिची रजई घेऊन आला. जिना चढून दमला होता. खाटेच्या कडेला बसला, तिच्या केसांकडे बघून म्हणाला, "शाळेत होतीस तशी दिसतेस."

मुंगी हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"चल घरी," तो म्हणाला. "झालं गेलं, आता किती ताणायचं? ती रोज रडते. टेबलावर बसून बसून पाठ धरलीय तिची. तुझ्यामुळे तिचं..." तो थांबला. "म्हणजे, तू तक्रार करायच्या आधी एकदा माझ्याशी बोलायचं होतंस."

"तुला त्रास नको म्हणून बोलले नाही. तुला माहीतच नव्हतं काही."

दादा रजईच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. फक्त गप्प बसणारा होता, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"दादा?"

"चौकशीच्या आदल्या दिवशी आम्ही बोललो होतो," तो म्हणाला. "ती घाबरली होती गं. मला म्हणाली, जाळी मीच बांधली होती, आता काय सांगू? मी म्हटलं, मुंगी समजून घेईल. तिला कळलं तरी ती समजून घेईल. तू नेहमीच..."

खाली शिंप्याचं यंत्र थांबलं होतं. मुंगीनं रजई त्याच्या मांडीवरून उचलली, डाव्या हातानं आणि उजव्या कोपरानं तिची घडी केली आणि खाटेच्या पायथ्याशी ठेवली. घडी वाकडी झाली. तिनं ती पुन्हा केली. दादा उठून मदत करायला लागला तर ती म्हणाली, "राहू दे."

"काहीतरी बोल ना," तो म्हणाला.

"तू निघ आता," मुंगी म्हणाली. "मला दवाखान्यात जायचंय."

रविवारी दवाखाना बंद असतो हे त्यालाही माहीत होतं. तो दारापर्यंत गेला, तिथे जरा घुटमळला, आणि मग जिना उतरायला लागला.